झेनॉनच्या सहा बैठका

माझा भाऊ पुन्हा पोटभर जेवायला लागला, त्या दिवशी मला त्याचा पहिल्यांदा संताप आला.

आपल्या माणसाने दोन घास जास्त खाल्ले म्हणून कुणी चिडतं का? मी चिडले. मनवा गेल्यापासून पाच महिने जितेश ताटावर नुसता बसायचा. भात चिवडायचा आणि उठायचा. त्या दुपारी मात्र त्याने जिताड्याचं कालवण दोनदा वाढून घेतलं, काटे नीट ताटाच्या कडेला लावले आणि म्हणाला, "ताई, कालवण झकास झालंय गो. आंबट जरा कमी हाय."

त्याच्यासमोर रसिका बसली होती. त्याची बायको, मनवाची आई. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"तू कंपनीच्या केंद्रात जाऊन आलास," मी म्हणाले.

"सहा बैठका झाल्या. काल शेवटची होती," तो म्हणाला आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वायूंशी माझं वैर नाही. वैर आहे ते वायूंच्या आड लपणाऱ्या माणसांशी. पण ते समजायचं तर आधी वायू समजले पाहिजेत, म्हणून वर्गात सांगते तसंच सांगते.

क्लोरीनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात. आठ झाले की घर भरलं. त्या एका इलेक्ट्रॉनसाठी तो दिसेल त्याच्या घरात घुसतो. सोडियमने आपला एक देऊन टाकला की त्याची भूक भागते, मग दोघांचं मीठ होतं. आमचे बाबा, हसुराम मोकल, जन्मभर खारडोंगरीच्या मिठागरात उन्हात उभे राहून हा पोट भरलेला क्लोरीन ओढत आणि त्याच्या राशी लावत. त्याने कधी कुणाचं वाकडं केलं नाही. पुढे मिठागरं गेली आणि त्याच जागी क्षारसागर केमिकल्स आली. ती मिठाच्या पाण्यातून वीज सोडते आणि क्लोरीनला पुन्हा उपाशी करून टाकीत कोंडते. जगाला तो लागतो, पाणी शुद्ध करायला, औषधांना, प्लास्टिकला. लागू दे. पण उपाशी प्राणी पाळायचा तर दाराला कडी नको?

गेल्या कार्तिकात, भर सकाळी, ती टाकी गळली. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो वर जात नाही, पाण्यासारखा सखल भागाकडे सरपटतो. आमची शाळा बांधाखाली, सखलात. ती जागाही कंपनीनेच दिलेली आणि फलकावर दानशूर म्हणून नावही कंपनीचंच. सुरक्षा सप्ताहात कंपनीचे अधिकारी येऊन पोरांना शिकवून गेले होते, की धूर दिसला तर खाली झोपा, नाक रुमालाने झाका. आगीसाठी हे बरोबर आहे. ज्या कारखान्यात आगीपेक्षा क्लोरीनची भीती मोठी, त्याच्या शेजारच्या पोरांना हे शिकवणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पिवळट हिरवा धूर मैदानात आला तेव्हा शहाणी पोरं खाली झोपली. दांडगी पोरं पळत टेकडीवर देवळाकडे गेली, ती वाचली. फुप्फुसातल्या ओलाव्यात क्लोरीन शिरला की त्याचं आम्ल होतं. याहून जास्त मी लिहिणार नाही. नऊ पोरं गेली. माझी भाची मनवा आज्ञाधारक होती.

भोंगा वाजला असता तर गुरुजींनी सगळ्यांना टेकडीवर नेलं असतं, कारण भोंगा म्हणजे टेकडी एवढं गावाला ठाऊक होतं. भोंगा वाजला नाही. कंपनी म्हणाली, विजेचा दाब अचानक वाढला, भोंग्याची यंत्रणा जळली. दैव. त्या पाळीत नियंत्रण कक्षात एकच माणूस होता, माझा भाऊ.

दहाव्याला खाडीवर नऊ पिंड मांडले. कावळा शिवला नाही. प्रत्येक घरचं माणूस पुढे होऊन जिवाला वचन देत होतं. कुणी म्हणालं तुझी सायकल धाकट्याला देऊ, कुणी म्हणालं आईला सांभाळू. कावळा कुठून शिवणार? खाडीकाठचे सारे पक्षी त्याच सकाळी मरून पडले होते. हे सगळ्यांना दिसत होतं, तरी सगळे आभाळाकडे बघत होते. शेवटी जितेश पाण्यात गुडघ्यांवर बसला आणि ओरडला, "मनवा, मी सांगन गो! समदं सांगन!"

काय सांगणार, ते कुणालाच कळलं नाही. भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो सगळ्या पिंडांना लावून विधी उरकला.

पुढे मी त्याला खोदून खोदून विचारलं. "भोंगा बिघडला नव्हता," एवढंच एकदा त्याच्या तोंडून आलं. मग तो उठून मोरीत गेला आणि त्याने आतून कडी लावली. दुसऱ्या खेपेला कळलं, की व्यवस्थापक चौबळ घरी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला होता. बटणावर बोट कुणाचं होतं, हे गावाला कळलं तर गाव तुझं काय करेल, एवढंच प्रेमाने विचारून गेला. सरकारने नेमलेला चौकशी आयोग श्रावणात बसायचा होता. जितेश बोलला नाही, तर नऊ पोरांच्या नावापुढे विजेचा दाब लिहिला जाणार होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, इथे तर चोराला बोंब मारायचीही गरज नव्हती. माझा भाऊ भीतीने मुका झाला होता.

अशात चैत्रात कंपनीने गावात प्रशांती केंद्र उघडलं. उपचार फुकट, सही नको, अंगठा नको, कसली अट नको.

आता दुसरा वायू. झेनॉनची बाहेरची कक्षा भरलेली. आठच्या आठ. तो कुणाकडे मागत नाही, कुणाला देत नाही. पुस्तकात त्याच्या घराण्याला राजवायू म्हणतात. हवेच्या सव्वा कोटी कणांत जेमतेम एक झेनॉनचा, म्हणून तो सोन्याच्या भावाने विकला जायचा. मग काही वर्षांपूर्वी असे स्फटिक तयार झाले, की ज्यांच्या छिद्रांत बरोबर झेनॉनच अडकतो, बाकीची हवा निघून जाते. झेनॉन स्वस्त झाला आणि दवाखान्यांत आला.

भूल द्यायला तो जुनाच. नवी गोष्ट निराळी होती. आपण एखादी आठवण काढतो तेव्हा ती थोडा वेळ मऊ पडते, आणि मेंदूला ती पुन्हा घट्ट बसवावी लागते. ते काम मेंदूतल्या ज्या दारातून चालतं, त्या दारात झेनॉन जाऊन बसतो. तो कशाशी जोडला जात नाही, काही तोडत नाही. दारात नुसता बसलेला माणूसही वाट अडवतोच ना? मग आठवण परत बसते, तिचा दंश बसत नाही. घडलेलं सगळं आठवतं, फक्त छातीत काही होत नाही. झेनॉन थोड्या वेळात श्वासावाटे निघून जातो. रक्त तपासा, लघवी तपासा, मागमूस नाही.

सीमेवरून परतलेल्या जवानांना, बलात्कार सोसलेल्या बायकांना या उपचाराने जगवलं आहे. ते मी नाकारत नाही. पण तिथे आग लावणारा आणि मलम लावणारा एकच नसतो.

त्या दुपारी जितेशचं जेवण झाल्यावर मी केंद्रात गेले. तिथले डॉक्टर केळशीकर सज्जन होते, हाच त्यांचा सर्वात मोठा उपद्रव.

"बाई, तुमचा भाऊ आत्महत्येच्या उंबरठ्यावर होता," ते म्हणाले. "आता झोपतो. तुम्हाला हे नको आहे का?"

"आयोगापुढे बोलायच्या आधीच का?"

"आजार तारीख बघून येतो का? आम्ही आठवण पुसत नाही. उलट काचेच्या खोलीत झेनॉनचा मुखवटा लावून त्यांना ती मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बारकाव्यांसकट सांगावी लागते. सहाही वेळा. त्याशिवाय ती मऊ पडत नाही."

"आणि तुम्ही ऐकता?"

"छे! खोली बंद असते. आम्ही बाहेर फक्त आलेख बघतो. भीतीची रेघ सपाट झाली की झालं."

मी घरी येऊन जितेशला विचारलं, "आयोगापुढे येशील ना?"

"बोलावलं तर येईन."

"आणि सांगशील?"

"विचारलं तर सांगन. ताई, तू येवढी कनाला तापतंस? तू पण घे ना दोन बैठका. हलका वाटतं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. तो धाकटा आहे, पण चाळिशीचा बाप्या आहे, आणि मी मारली. त्याने गाल चोळला आणि माझ्याकडे बघून समजूतदार हसला. तसं हसू त्याच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं.

गाव एकेक करून थंड झालं. बायका केंद्रातून येताना भाजी घेऊन यायच्या. ज्या बापांनी कंपनीच्या फाटकावर डोकी आपटली होती, ते फाटकाशेजारी चहा प्यायचे. त्यांना मी दोष देत नाही. रोज रात्री पोराचा खोकला कानात वाजत असेल, तर कोण नाही म्हणेल? पण रसिका नाही म्हणाली. "मना त्रास होतो तवर ती माझी हाय," एवढंच ती बोलली, आणि मनवाचा गणवेश घडी मोडून पुन्हा घडी घालत राहिली.

तिचे हाल कुणी विचारू नये. दुःख एकाचं असलं तर माणूस कोपऱ्यात बसून रडतो. दोघांचं दुःख होतं आणि एकजण ते सोडून उठून गेला. जितेश तिला पाणी आणून द्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा, शेजाऱ्यासारखा धीर द्यायचा. "पावण्याबरोबर राहते मी, ताई," ती मला म्हणाली. भाद्रपदात ती माहेरी निघून गेली. त्याने तिची पिशवी बसपर्यंत पोचवली.

आयोगाचं काम श्रावणाचं भाद्रपदावर गेलं होतं. तहसील कचेरीच्या सभागृहात निवृत्त न्यायमूर्ती उपासनी बाई बसल्या. पहिले चार दिवस गावकऱ्यांच्या साक्षी झाल्या. मुलगी गेली का? गेली. कशी? खोकून. आता काही त्रास? नाही. कंपनीबद्दल तक्रार? विशेष नाही. टंकलेखक न थांबता उतरवून घेत होता. पंख्याखाली बसून हे ऐकताना माझ्या नखांनी माझेच तळवे सोलले. माणूस मारून वर त्याच्या आईबापांकडून चांगलं वागल्याचा दाखला घेत होते ते!

पाचव्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी जितेशला बोलावलं. होय, त्यांनीच. गावाचं मन कसं शांत झालंय, हे मृत मुलीच्या बापाच्या आणि पाळीवरच्या कामगाराच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"मोकल, उपचारांनी तुम्हाला फायदा झाला?"

"हो, झाला."

"झोप लागते? भीती वाटते?"

"झोप लागते. भीती वाटत नाही."

"डोकं ठिकाणावर आहे? आठवण शाबूत आहे?"

"सगळं आठवतं."

"म्हणजे तुम्ही पूर्ण बरे आहात. आभारी आहे." वकील समाधानाने बसले. पहिल्या रांगेत चौबळ पाय पसरून बसला होता.

उपासनी बाईंनी चष्मा वर सारला. "सगळं आठवतं म्हणता, तर त्या सकाळचं सांगा. काय आठवतं?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

जितेशने हात मांडीवर ठेवले, पाठ टेकली, आणि सुरुवात केली. "मी पाळीवर आलो तेव्हा कॉस्टिकचा मनोरा बंद होता." मग थांबून समजावलं, "गळलेला क्लोरीन त्या मनोऱ्यात शोषला जातो. तो आठवडाभर दुरुस्तीला काढला होता. टाकी रिकामी करायला पाहिजे होती. चौबळ साहेब म्हणाले, ऑर्डर मोठी आहे, चालू ठेव."

आवाजात चढ नाही, उतार नाही. रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतात तसा.

"नंतर टाकीचा दाब पडला. कक्षात घंटी वाजली, तिच्या मागोमाग बाहेरचा भोंगा आपोआप वाजतो. आमच्याकडे लेखी नव्हता, पण हुकूम होता, की घंटी वाजली की आधी भोंगा बंद करायचा आणि साहेबांना फोन लावायचा. कारण भोंगा वाजला की गाव जमतं, मग इन्स्पेक्टर येतो. मी बटण दाबलं. उजव्या हाताचं हे बोट. साहेब म्हणाले, वारा खाडीकडे आहे, थांब, मी येऊन बघतो. मी म्हणालो, साहेब, वारा पडलाय. ते म्हणाले, थांब. मी थांबलो. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. पोरं खाली झोपताना दिसली. त्यात लाल रिबिनी होत्या. मनवाला सकाळी मीच बांधल्या होत्या."

चौबळने पाय आवरून घेतले होते.

वकील ताडकन उठले. "बाई, साक्षीदाराची मनःस्थिती बघता..."

"आत्ताच तर तुम्ही सांगितलंत ते पूर्ण बरे आहेत म्हणून," उपासनी बाई म्हणाल्या. "बसा खाली." मग जितेशकडे वळल्या. "तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"भीती वाटायची. साहेबांची, गावाची, तुरुंगाची. आता नाही वाटत. यांनीच घालवली." त्याने वकिलांकडे साधेपणाने बोट केलं. "सहा वेळा सांगून पाठ पण झालंय."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. राग घालवायला निघालेल्यांनी भीतीही घालवली होती. दोन्ही एकाच दारातून ये-जा करतात, हे त्या शहाण्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने मनोऱ्याची तारीख सांगितली, दुरुस्ती करणाऱ्यांची नावं सांगितली, कुठल्या फोनवर बोलणं झालं ते सांगितलं. एकदाही पाणी मागितलं नाही.

"यात तुम्हीही आरोपी व्हाल, कळतंय ना?" बाईंनी विचारलं.

"हो. बटण मी दाबलं."

"तुम्हाला आयोगाकडे काही मागायचंय?"

"नाही. माझं काही नाही."

मी उठून उभी राहिले. मला बोलायचा अधिकार नव्हता, शिपाई पुढे आला, पण मी बोललेच. "मला मागायचंय! या माणसाने आत्ता स्वतःच्या पोरीचं मरण सांगितलं आणि त्याच्या डोळ्यांत टिपूस नाही. तो असा नव्हता. तिचा दुधाचा दात पडला तेव्हा रडला होता तो. ते कुणी नेलं, ते पण लिहा तुमच्या अहवालात!"

"बाई, खाली बसा," उपासनी बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. लिहिलं मात्र काही नाही. त्यासाठी कायद्यात रकानाच नव्हता.

चौबळला अटक झाली, दोन संचालकांनाही. कारखान्याला टाळं लागलं. जितेशवरही गुन्हा नोंदला गेला, तो जामिनावर सुटला. वर्तमानपत्रांनी त्याला निर्भय म्हटलं. मी ते वाचून कागद चुलीत घातला.

कार्तिकात मनवाचं वर्षश्राद्ध आलं. रसिका माहेरून आली. खाडीवर पक्षी परतले होते. जितेशने पिंड ठेवला आणि मागे सरेपर्यंत कावळा उतरला. एकदा मान वाकडी करून त्याने आमच्याकडे पाहिलं आणि चोच घातली. रसिका मटकन वाळूत बसली आणि वर्षभराचं रडली.

जितेशने पाय धुतले, उपरणं पिळलं, आणि तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. बराच वेळ तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "मी मनवाला दिलेला शब्द पाळला ना?"

"पाळलास रे."

"मग मना काय वाटत कसं नाय?"

वर्गात मी पोरांना सांगते, की झेनॉन कशाशी जोडला जात नाही, हे शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं गृहीत धरलं होतं. मग फ्लोरीनसारखा जबर भुकेला समोर आला आणि झेनॉनही बांधला गेला. म्हणजे आशा असते, असं मी त्याला सांगू शकले असते. पण ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही.

"रसिका," तो तिला म्हणाला, "तू रडशील तवा मना हाक मार. मना येत नाय, पण मी बाजूला बसन."

तिने त्याचा हात ओढून आपल्या ओल्या गालाला लावला आणि घट्ट धरून ठेवला. तो तसाच बसून राहिला, वाट बघत.

त्या संध्याकाळी मी कंपनीवर वेगळी तक्रार दाखल केली. माझे वकील म्हणाले, नुकसान दाखवावं लागेल, भावाला नेमका काय त्रास होतो? मी म्हणाले, काहीच होत नाही, हीच तक्रार आहे. त्यांनी डोकं खाजवलं, पण घेतली.

टाळं कारखान्याला लागलं होतं, केंद्राला नाही. परवा कंपनीच्या नव्या व्यवस्थापकांचा फोन आला. फार आदबीने बोलले. झाल्या गोष्टींनी माझ्या मनावर ताण आलेला दिसतो, म्हणाले. माझ्यासाठी प्रशांती केंद्रात सहा बैठका राखून ठेवल्यात, अगदी फुकट.